लोहाराच्या कफनाच्या गाठी

हेस्टर माझ्याकडे कंदील मागायला आली, तेव्हा मी उद्याच्या पावाचं पीठ मळत होते. सोमवार होता. अठ्ठावीस जानेवारी, साल सोळाशे एकसष्ट. संध्याकाळचे सहा झाले असतील. खाडीवरून असा गारठा येत होता की दाराशी ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

हेस्टर माझी नणंद. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पोरांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. उंच, हाडापेराने मजबूत, आणि जिभेला हाड नाही. मी आता सांगणार आहे ते बहुतेक सगळं मला तिनेच सांगितलं, आणि हेस्टर थरगुड खोटं बोलत नसे. ती खरं बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती, मग खोट्याची गरज कशाला पडेल? शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला साक्ष लागत नाही.

"आजी," डॉर्कस म्हणते, "आज उपासाचा दिवस. आज भुताची गोष्ट चालते का?"

कसला उपास गं? आज तीस जानेवारी, आजच्या दिवशी राजाचं मुंडकं उडालं, म्हणून साऱ्या मुलखाने पोटाला कुलूप लावायचं असा सरकारी हुकूम. चर्चमध्ये जाऊन मान खाली घालायची. पाद्रीबाबा रडले की आपणही नाक पुसायचं. तेव्हापासून तीन राजे झाले आणि एक राणी झाली, पण माझ्या घरची चूल या दिवशी एकदाही विझली नाही. ज्याला चुगली करायची असेल त्याने आधी हा हेरिंग मासा खाऊन घ्यावा आणि मग जावं, वाटेत थंडी फार आहे. आणि डॉर्कस, ऐकायचं असेल तर दाराला अडसर घाल.

तर हेस्टरचा नवरा जोसाया. आपल्या या ब्रॅकसी गावचा लोहार. तरुणपणी घोड्याने लाथ मारली होती, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा. राजाची आणि पार्लमेंटची लढाई सुरू झाली तसा तो पार्लमेंटच्या फौजेत घोड्यांना नाल ठोकायला गेला. एकोणपन्नास साली, जानेवारीत, तो लंडनला होता. राजावर खटला झाला, शिक्षा ठरली. आदल्या रात्री एका अधिकाऱ्याने जोसायाला बोलावून घेतलं. म्हणाला, उद्या राजा आपणहून आडवा झाला नाही, तर बांधून आडवा करावा लागेल. चार कड्या कर. दोन हातांना, दोन पायांना.

जोसायाने केल्या. नालासारख्या वाकवलेल्या, दोन्ही टोकांना धार. आणि पहाटे त्याच्याच हातांनी त्या मुंडकं उडवायच्या चौथऱ्याच्या फळ्यांत ठोकल्या.

लागल्या नाहीत. बुटकासा राजा टाचेच्या निमुळत्या बुटांत, आपल्या पायांनी चालत आला आणि आपणहून आडवा झाला. जोसाया गावी परतला तेव्हा हेस्टरने विचारलं, काय काय केलंस? तो म्हणाला, "काम केलं. त्या कामाची मला लाज नाही. पण त्या कड्या रिकाम्या राहिल्या, हे बरं झालं." या विषयावर तो जन्मात एवढंच बोलला.

अठ्ठावन्न सालच्या मार्चमध्ये तो तापाने गेला.

आता आपल्याकडे गरिबाला स्वतःची पेटी कुठली? गावाची एक पेटी असते. तीत घालून न्यायचं, खड्ड्याशी बाहेर काढायचं, नुसत्या कफनावर खाली सोडायचं, आणि पेटी पुढच्या माणसासाठी परत. कफनाला दोन गाठी. एक डोक्याच्या वर, एक पायांच्या खाली. खाली सोडल्यावर घरच्या माणसाने वाकून त्या दोन्ही गाठी सोडायच्या, मग माती लोटायची. का? तर गाठ राहिली की मेलेला माणूस आत अडकतो. धड झोपत नाही, धड उठत नाही.

खड्डे खणणारा क्रिक तेव्हाही म्हाताराच होता. तो हेस्टरच्या कानाशी लागला, "हेस्टरबाई, गाठी."

हेस्टर पक्की प्युरिटन. बायबल सोडून दुसऱ्या कशाला मान वाकवणार नाही. सगळ्या गावासमोर मोठ्यांदा म्हणाली, "क्रिककाका, ज्या देवाने आभाळ केलं त्याला माझ्या नवऱ्याला उठवायचं असेल, तर हातभर कापडाची गाठ आडवी येईल होय? असला पोपचा खुळेपणा माझ्या घरात नको. लोटा माती."

लोटली.

त्यानंतर लोक म्हणायला लागले की बंद भट्टीतून रात्री ऐरणीचा आवाज येतो. हेस्टरला कुणी सांगितलं की ती म्हणायची, "वाऱ्याने झडप आपटते. आणि खरंच तो असेल, तर निदान उद्योगाला तरी लागलाय. तुझ्यासारखा दुसऱ्याच्या भिंतीला कान लावून तर नाही ना बसला?"

साठ सालच्या मे महिन्यात मेलेल्या राजाचा मुलगा समुद्रापलीकडून परत आला. गावोगाव शेकोट्या पेटल्या, पिंपंच्या पिंपं बिअर रिचवली गेली. काल जे आपल्या शेजारी बसून राजाला शिव्या घालत होते, तेच टोप्यांत राजाची खूण म्हणून ओकच्या डहाळ्या खोवून नाचले. आणि मग शोध सुरू झाला. शिक्षेच्या कागदावर सह्या करणारे, चौथऱ्याभोवती पहारा देणारे, खटल्यात बोलणारे. जे सापडले त्यांची भर चौकात चिरफाड झाली. जे पळाले त्यांच्या मागावर परमुलखात माणसं गेली. आणि हाती लागण्यासारखे जिवंत संपत आले, तसे हे लोक मेलेल्यांकडे वळले. प्रेतं उकरायची आणि तीस जानेवारीला, बारा वर्षं पुरी होतील त्या दिवशी, फासावर टांगायची.

त्या सोमवारी दुपारी आपल्या गावात एक रिकामी गाडी आली. तिच्याबरोबर घोड्यावर लॅन्सेलॉट व्हॉड्रे नावाचा राजाचा माणूस. गुडघ्यापर्यंतचे भलेमोठे बूट, खिशात कागद. कागदावर नाव, जोसाया थरगुड, लोहार. उद्या उजाडलं की उकरायचा, परवा कोल्चेस्टरच्या बाजारात टांगायचा. क्रिकला हुकूम झाला, फावडी तयार ठेव. व्हॉड्रे खानावळीत मटण खायला बसला.

आणि संध्याकाळी सहाला हेस्टर माझ्या दारात.

"वहिनी, तुझा कंदील दे. माझ्याची झडप मोडलीय."

"कुठे निघालीस एवढ्या थंडीत?"

"नवऱ्याला आणायला."

पिठातला हात पिठात राहिला माझा. "हेस्टर, वेडी झालीस? तीन वर्षं झाली त्याला. आणून ठेवणार कुठे?"

"ठेवायचा नाही. पहाटे भरती चढते. चढली की माझी छोटी होडी आपसूक तरंगेल. उजाडायच्या आत खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडते त्याला. समुद्र उकरायला राजाकडे फावडं नाही."

"मी येते."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. आठवा महिना होता. तुमचा बाप होता आत. माझा नवरा होडी घेऊन उत्तरेला गेलेला.

"तू बस," ती म्हणाली. "गोठलेल्या मातीत खणताना माझा भाचा बाहेर पडला, तर मी कुणाकुणाला सांभाळू?"

"आणि कुणी येऊन विचारलं तर?"

"तर खरं सांग. म्हणावं, कंदील न्यायला आली होती."

मी कंदील दिला. सोबत पावाचा तुकडा आणि चीज दिलं. ते तिने तिथेच उभ्या उभ्या खाल्लं, तोंड पुसलं आणि गेली.

इथून पुढचं हेस्टरचं.

नऊ वाजता गाव झोपलं. ती हातगाडी घेऊन निघाली, चाकांना चिंध्या गुंडाळलेल्या. चर्चच्या मागे, उत्तरेच्या भिंतीशी जोसायाची जागा. अर्धा चंद्र होता. वरची वीतभर माती दगडासारखी. कुदळीचा घाव घातला की हात कोपरापर्यंत झिणझिणायचा. ती दर घावाला एक शिवी हासडत होती म्हणे. शिव्या, आणि त्याही चर्चच्या आवारात! मी विचारलं, देवाने ऐकल्या असतील ना? ती म्हणाली, ऐकल्या असतील तर त्याला समजलंही असेल की कुणाला होत्या.

अकराला गुडघाभर झालं. बाराला कमरेएवढं. साडेबाराच्या सुमाराला चंद्र खाजणापलीकडे उतरला. कंदील खड्ड्याच्या काठावर. छातीएवढं झालं, तेव्हा फावडं कशाला तरी लागलं. मऊ.

तिने फावडं बाजूला ठेवलं आणि हातांनी माती सारली.

कफन होतं. पांढरं. तीन वर्षांनी, पांढरं.

आणि सपाट नव्हतं. आत हाडं असती तर कापड खाली बसलं असतं. हे भरलेलं होतं. छाती, पोट, मांड्या. डावं पाऊल आत वळलेलं, तो झोपायचा तसं. डोक्याच्या वर गाठ. पायांच्या खाली गाठ.

तिने कापडावरची उरलेली माती झटकली.

मग तिच्या हातांवर उजेड पडला. वरून. तिचा कंदील नव्हे, दुसरा.

"बाई," कुणीतरी म्हणालं, "हे काम सकाळी आमची माणसं करणार होती. फुकट घाम गाळलास."

व्हॉड्रे. खानावळीच्या खिडकीतून त्याला चर्चमागे उजेड दिसला होता. त्याच्या मागे क्रिक, झोपेतून उठवून आणलेला, टोपी उलटी घातलेली.

हेस्टरने मान वर केली नाही. "तुझ्या राजाला जिवंत माणसं कमी पडली वाटतं?"

"ज्याने आमच्या राजाला जनावरासारखं बांधायला लोखंड घडवलं, त्याला मातीतसुद्धा झोप मिळणार नाही. मेलेला असला म्हणून काय झालं?"

"बांधला होता का?"

"काय?"

"तुझ्या राजाला. बांधला होता का, ते विचारतेय."

व्हॉड्रेने कंदील दुसऱ्या हातात घेतला.

"नव्हता ना? तो आपल्या पायांनी आला. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं, आणि मरेपर्यंत त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. तू काय करतोस? त्याचं नाव घेतोस आणि रात्रीबेरात्री हाडं हुंगत हिंडतोस. थू!"

"क्रिक," व्हॉड्रे म्हणाला, "खाली उतर. प्रेत वर दे."

क्रिक जागचा हलला नाही. "साहेब, गाठी तशाच आहेत त्याच्या."

"मग बरंच झालं. उचलायला सोपं."

"साहेब, तुम्ही इकडचे नाही. तुम्हाला नाही कळायचं."

हेस्टर हसली. खड्ड्यात बसून, मोठ्यांदा हसली. "थांब क्रिककाका, तू कशाला म्हातारपणी उतरतोस? साहेबांना हा हवाय ना? मी बांधाबांध सोडून देते. येईल आपला आपण चालत."

आणि ती पायाच्या गाठीकडे वाकली.

"हेस्टरबाई, नको!" क्रिक ओरडला. "हात लावू नकोस गाठीला!"

"तीन वर्षांपूर्वी सोड सोड म्हणून कान खात होतास."

"तेव्हा सोडायची होती! तेव्हा सोडली असतीस तर झोपला असता तो. तीन वर्षं कोंडून ठेवलंस, आता सोडलीस तर..."

"तर काय?"

क्रिक दोन पावलं मागे सरकला.

हेस्टर मला म्हणाली, वहिनी, त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. व्हॉड्रेची नाही. मी सगळ्या गावासमोर मोठ्या तोंडाने जे बोलले होते, त्याची. मी खुळेपणा म्हटलं होतं आणि तीन वर्षं माझा माणूस त्या खुळेपणात जागा पडला होता, असं असेल तर? मग मी मनात म्हटलं, देवा, मी बरोबर होते की चूक, ते तू मला नंतर सांग. आत्ता मला सवड नाही.

पायाची गाठ गोठून दगड झाली होती. नखं मोडली. शेवटी तिने ती दातांनी सोडली.

वर पिस्तुलाचा घोडा ओढल्याचा आवाज झाला.

"हात बाजूला घे, बाई. मी मारीन."

"मार. माझ्यासाठी वेगळा खणायला नको, मी आतच आहे."

ती गुडघ्यांवर सरकत डोक्याकडे गेली. दुसरी गाठ. तीही दातांनी. कापडाला मातीची चव होती... आणि लोखंडाची.

सुटली.

काही झालं नाही.

व्हॉड्रे हसला. "झालं का समाधान?"

तेवढ्यात तिचा कंदील गेला. वारा नव्हता. मग त्याचाही गेला.

काळोख.



मग कापड सळसळलं. तिच्या हातांखाली. ती कफनावर हात ठेवून बसली होती, आणि कफन खाली बसत गेलं. हळूहळू. आधी छाती. मग पोट. मग तिचे तळवे मातीला टेकले. मध्ये नुसतं कापड.

वास आला. तापलेल्या लोखंडाचा. जळत्या खुराचा.

तिच्या खांद्यावर हात पडला. जड. रुंद.

गरम.

एक क्षण. मग उचलला गेला.

वर, गोठलेल्या गवतावर, पाऊल वाजलं. मग फरफट. पाऊल. फरफट. पाऊल...

क्रिक पळाला. त्याची टोपी दुसऱ्या दिवशी फाटकात सापडली.

"कोण आहे?" व्हॉड्रे म्हणाला. "क्रिक?"

फरफट.

"कोण..."

चाप ओढल्याचा आवाज. बार उडाला नाही.

मग काहीतरी जमिनीवर आपटलं. मोठं.

आणि मग, हेस्टर म्हणाली, आवाज आला. मी बारा वर्षं ज्याच्या बाजूला भाकरी भाजली तो आवाज. ठण्. ठण्. दोन घाव, आणि थांबायचं. त्याची पद्धत होती ती. पहिला घाव बसवायला, दुसरा पक्कं करायला. ठण्. ठण्. थांबला. दर वेळी तो थांबला की व्हॉड्रे एक शब्द बोलायचा. ओरडून नाही. मूल झोपेत बोलतं तसा.

"नको."

ठण्. ठण्.

"नको."

चार वेळा.

मग काही नाही.

"जोसाया?" हेस्टर म्हणाली.

...

"जोसाया, मी आहे."

...

पाऊल. फरफट. लांब जात होतं. खाडीच्या बाजूला.

मला रात्रभर झोप नव्हती. झुंजूमुंजू झालं तशी मी पोट सांभाळत निघाले. फाटकातून आत गेले, आणि आधी व्हॉड्रे दिसला. चर्चच्या वाटेवर, आभाळाकडे तोंड करून उताणा. हात पसरलेले, पाय पसरलेले. दोन्ही मनगटांवर, दोन्ही घोट्यांवर, नालासारखी वाकवलेली एकेक लोखंडी कडी. टोकं गोठलेल्या जमिनीत पार बुडेपर्यंत गेलेली. अंगावर ओरखडा नाही. बुटाच्या कातड्यालासुद्धा नाही. डोळे उघडे, श्वास चालू.

हेस्टर खड्ड्याच्या काठावर बसली होती. मांडीवर कफन, घडी घातलेलं.

"आलीस?" ती म्हणाली. आवाज बसला होता. "बघ. राजाला लागल्या नाहीत त्या. याला लागल्या."

"जोसाया कुठंय?"

तिने खांदे उडवले.

मी व्हॉड्रेजवळ वाकले. आपल्याला कितीही राग असो, तहानलेल्या माणसाला पाणी द्यावंच लागतं. ओठ ओले केले त्याचे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याचे हात गरम होते." पुन्हा म्हणाला, "गरम होते." एवढंच. आयुष्यभर तो त्याबद्दल दुसरं काही बोलला असेल, असं मला वाटत नाही.

शेजारच्या गावचा लोहार पहारी घेऊन आला. चारही कड्या उपटायला त्याला पहिला प्रहर पुरा लागला. हातात घेऊन म्हणाला, लोखंड जुनं नाही, काल-परवा घडवलेलं आहे. क्रिकने चार माणसं नेऊन जोसायाची भट्टी उघडून पाहिली. राख थंडगार. भात्यावर कोळ्याची जाळी, एकही तंतू तुटलेला नाही.

खड्ड्यात काही नव्हतं. क्रिकने आणखी हातभर खणून पाहिलं. ना हाड, ना दात.

व्हॉड्रेच्या गाडीवाल्याने त्याला गाडीत आडवा घातला आणि कोल्चेस्टरला नेला. आता रिकामे हात दाखवायचे कसे? तर ऐका त्यांची युक्ती. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तीस जानेवारीला, बाजारात पोत्यात गवत भरून टांगलं, आणि वर पाटी लावली, जोसाया थरगुड. लोकांनी त्यावर शेण मारलं, मुलांनी दगड मारले, पाद्रीबाबांनी शाप दिले. गवताला! हेस्टरला ही बातमी सांगितली तेव्हा ती एवढी हसली की तिला बसावं लागलं. "सांग त्यांना," ती म्हणाली, "पुढल्या वर्षी गवत कमी पडलं तर माझ्या गोठ्यातून घेऊन जा." पुढल्या रविवारी चर्चमध्ये सगळे तिला टाळायला लागले, तर ती सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसली, राजाच्या मर्जीतल्या लोकांची जागा होती त्यावर, आणि प्रार्थना सर्वांत मोठ्या आवाजात म्हटली.

पुन्हा कुणी कागद घेऊन ब्रॅकसीत आलं नाही.

हे सगळं झालं. तुम्ही म्हणाल, क्रिकने केलं, कुणी चार तरुणांनी मिळून केलं, बाईने अंधारात घाबरून काहीबाही ऐकलं. म्हणा. मीही म्हटलं असतं. पण आता सांगते ते माझं आहे.

त्या मंगळवारी दुपारी, व्हॉड्रेला नेल्यावर, हेस्टर म्हणाली, "वहिनी, चल." गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं आणि त्यावर वाट उमटलेली होती. अनवाणी पाऊल, आणि शेजारी ओढलेल्या पायाची रेघ. आम्ही त्या रेघेवरून चाललो. चर्चच्या मागून, कुरणातून, समुद्राच्या बांधापर्यंत. मी दर वीस पावलांना थांबत होते, हेस्टर माझा दंड धरून होती.

बांधावर चढलो. खाली चिखल. ओहोटीने पाणी पार लांब गेलं होतं.

आता नीट ऐका. रात्री तो गेला तेव्हाही ओहोटी होती. मध्ये पहाटे भरती येऊन गेली. पुरुषभर पाणी त्या चिखलावर चढून उतरलं होतं. बगळ्याचा पाय उरत नाही त्यात, होडीचा तळ उरत नाही.

पावलं होती.

कोरून काढल्यासारखी. कडा धारदार. आत थेंबभर पाणी नाही. अनवाणी, रुंद, डावं ओढलेलं. सरळ पाण्याकडे गेलेली.

आणि बांधाच्या पायथ्यापासून त्यांच्या शेजारी आणखी दोन पावलं सुरू झाली होती.

लहान. निमुळती. टाचेच्या बुटांची. आपल्या खाडीत असले बूट कुणी घालत नाही. घातले तर टाच पहिल्याच पावलाला रुतून बसेल. ही रुतली नव्हती. मागे नव्हती, पुढे नव्हती. बरोबरीने गेली होती, हातभर अंतर ठेवून.

एके ठिकाणी चिखल मऊ होता. तिथे लंगडा पाय घोट्यापर्यंत खाली गेला होता.

आणि तिथे ती दोन लहान पावलं शेजारी शेजारी थांबलेली होती. बुटांची टोकं त्याच्याकडे वळवून. तो पाय बाहेर काढीपर्यंत.

मग दोघे पुढे गेले होते. पाण्यापर्यंत.